रविवारी बघावा मॉरिशस

मॉरिशस म्हटलं की आपल्याकडे आधी डोळ्यासमोर येतो तो कुणाच्या तरी हनिमूनचा अल्बम. पांढरी वाळू, निळंशार पाणी, पाण्याकडे झुकलेलं माडाचं झाड. ते पाणी खरंच तसलं आहे, फोटोत रंग वाढवलेला नसतो, त्यामुळे त्या अल्बमला नावं ठेवायचं काही कारण नाही. पण पॅकेज टूर म्हणजे विमानतळ ते रिसॉर्ट, रिसॉर्ट ते बोट, बोटीतून इल ओ सेर्फ नावाचं छोटं बेट, संध्याकाळी परत रिसॉर्ट, आणि माणूस समुद्र बघून घरी येतो, बेट बघायचं राहूनच जातं. याचं मला मनापासून वाईट वाटतं, मराठी माणसाच्या बाबतीत तर जास्तच, कारण या बेटात आपलं इतकं काही आहे की ते न बघता परत येणं म्हणजे सख्ख्या नात्यातल्या घरी जाऊन अंगणातूनच मागे फिरणं.

सुरुवात दगडापासून करते. मॉरिशसमध्ये कुठंही जा, उसाच्या शेतात काळ्या दगडांचे मोठे मोठे ढीग दिसतात, शेतं साफ करताना माणसांनी हातानं उचलून रचलेले. पहिला ढीग बघितल्यावर आई गाडीतच म्हणाली, "अगं हा तर आपलाच कातळ." आणि तिचं म्हणणं अगदी खरं आहे. आपला सह्याद्री ज्या लाव्हातून झाला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, तो लाव्हा पृथ्वीच्या पोटातल्या ज्या उष्ण जागेतून वर आला तीच जागा आज रियुनियन बेटाच्या खाली आहे असं भूगर्भशास्त्रज्ञ मांडतात. जमीन उत्तरेकडे सरकत गेली आणि मागे लक्षद्वीप, मालदीव अशी माळ उमटत गेली, नि ८०-९० लाख वर्षांपूर्वी त्याच उष्णतेतून मॉरिशस वर आलं. म्हणजे रायगडाचा कडा आणि ले मॉर्नचा कडा यांचं मूळ एकच. मी हे आधी वाचलेलं होतं, पण हातात तो दगड घेऊन, त्याची ती भोकं भोकं बघून जे वाटलं ते वाचून वाटलं नव्हतं.

मग कातळ सारखा असून तिथली वाळू पांढरी आणि आपली तपकिरी का, हा प्रश्न कोकणातल्या कुणालाही पडणारच. उत्तर समुद्रातच आहे. दक्षिणेचा थोडा भाग सोडला तर जवळजवळ सगळ्या बेटाभोवती प्रवाळाची कडी आहे, रीफ. खुल्या महासागराची लाट येऊन त्या रीफवर फुटते, लांबून नुसती एक पांढरी रेघ दिसते आणि सतत एक गंभीर आवाज येत राहतो, आणि रीफच्या आतलं पाणी, ज्याला लगून म्हणतात, ते तळ्यासारखं शांत. वाळू त्याच प्रवाळाची आणि शिंपल्यांची, म्हणून पांढरी. आपल्याकडे नद्या आणि खाड्या घाटावरची माती आणून ओततात, त्यामुळे पाणी गढूळ, पण त्या मातीवरच आपली मासळी नि आपली भातशेती जगते, तेव्हा हेवा करण्यात अर्थ नाही. त्रू ओ बिशच्या बीचवर गुडघाभर पाण्यात उभं राहून स्वतःची पायाची बोटं स्पष्ट दिसतात आणि मधूनच एखादा पट्टेरी मासा येऊन पायाला चाटून जातो. आईनं आयुष्यभर समुद्राकाठी राहून असा समुद्र पाहिला नव्हता, ती कितीतरी वेळ नुसती वाकून बघत उभी होती.

आता राजधानी, पोर्ट लुई. बहुतेक टूरवाले इथं वॉटरफ्रंटला शॉपिंगला सोडतात आणि तिथून चालत काही मिनिटांवर आप्रवासी घाट आहे त्याचं नावही घेत नाहीत. काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या. दिसायला काहीच नाही, आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या घाटाच्या असतात तशाच. पण १८३४ साली २ नोव्हेंबरला ॲटलस नावाचं जहाज ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला आलं आणि तिथून पुढं १९२० च्या दशकापर्यंत जवळपास पाच लाख माणसं हिंदुस्थानातून करारावर या बेटावर आणली गेली. १८४९ मध्ये हा डेपो बांधायला घेतला, त्यानंतर माणसं जहाजातून उतरून याच पायऱ्या चढून आत जायची, एक-दोन दिवस ठेवायचे, नोंद व्हायची, नंबर मिळायचा आणि मग मळ्यावर रवानगी. २००६ साली युनेस्कोनं याला जागतिक वारसा म्हणून घेतलं. मूळ आवाराचा बराच भाग हायवेखाली गेलाय, उरलंय ते थोडंच, स्वयंपाकघराच्या भिंती, आजाऱ्यांची खोली, न्हाणीघराचे अवशेष.

हे सगळं कशासाठी, तर उसासाठी. १८२५ मध्ये ब्रिटननं मॉरिशसच्या साखरेवरचा जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकाच केला आणि बेटभर ऊस पसरला, आणि बरोब्बर दहा वर्षांनी १८३५ ला गुलामगिरी संपली. मोबदला म्हणून ब्रिटिश सरकारनं वीस लाख पौंडांहून जास्त रक्कम दिली ती गुलामांच्या मालकांना, गुलामांना एक पैसा नाही. मग मळ्यांवर काम कोण करणार, तर बिहारचे, मद्रास इलाख्यातले आणि मुंबई बंदरातून नेलेले आपले लोक. पाच-पाच वर्षांचा करार. एक दिवस कामावर आलं नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा, अशी पद्धतच होती. १८५३ नंतर परतीचं फुकट तिकीटही बंद केलं, म्हणजे आलेल्यानं परत जायचं नाव काढू नये. मी त्या पायऱ्यांपाशी उभी होते तेव्हा मागे हायवेवरून गाड्या जात होत्या आणि मला सारखं एकच वाटत होतं की ज्या निळ्या पाण्यात आपण सकाळी डुंबलो ते पाणी या माणसांना भिंतीसारखं दिसत असणार. चारही बाजूंनी भिंत.

ले मॉर्नला हेच दुसऱ्या तऱ्हेनं समजतं. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ५५६ मीटर उंचीचा सरळसोट कडा, पायथ्याला लगून, हल्ली विमानातून काढलेले 'पाण्याखालचा धबधबा' असे व्हिडिओ फिरतात ते इथलेच, खरं तर वाळू आणि गाळ खोल उताराकडे ओढला जातो त्यानं तसा भास होतो. या कड्यावर, त्याच्या कपारींत, मळ्यांवरून पळालेले गुलाम लपून राहायचे, आफ्रिकेतून, मादागास्करहून आणलेले. लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की १८३५ मध्ये गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई वर निघाले, आणि वरच्यांना वाटलं की आपल्याला धरायलाच येतायत, तेव्हा त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. कागदोपत्री याचा पुरावा मिळो न मिळो, त्या कड्याखाली उभं राहिल्यावर ही गोष्ट खोटी वाटत नाही. २००८ साली ले मॉर्नही जागतिक वारसा झाला. १ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर, दोन्ही दिवस मॉरिशसमध्ये सुट्टी असते, एक गुलामगिरी संपल्याची आणि एक मजूर आल्याची, आणि मला या देशाचं हे फार आवडतं की दोन्ही दुःखांना कॅलेंडरमध्ये सारखी जागा आहे.

वर चढायची वाट आहे, वरच्या क्रॉसपर्यंत जाता येतं, शेवटचा टप्पा हातापायांवर आहे. आईला घेऊन शक्यच नव्हतं. आम्ही खाली पब्लिक बीचवर बसलो आणि काइट सर्फिंगवाली पोरं वाऱ्यावर उडताना बघत राहिलो, वारा इथं जबरदस्त असतो.

आणि मग कास्कावेल. फ्लिक आँ फ्लाकच्या बीचपासून गाडीनं थोड्याच अंतरावरचं हे गाव, उसाच्या शेतांच्या मधे, आणि ही मॉरिशसमधली जुनी मराठी वस्ती. इथं विठ्ठलाचं मंदिर आहे. आम्ही गेलो तेव्हा दुपार होती, मंदिरात एक वयस्कर बाई फुलं नीट करत होत्या, फ्रॉकसारखा सुती झगा, केसांचा घट्ट अंबाडा, कपाळाला कुंकू. आईनं सवयीनं हात जोडून "विठ्ठल विठ्ठल" म्हटलं तर त्या एकदम वळल्या नि म्हणाल्या, "आपण भारतातून आलात का?" अगदी पुस्तकात असतं तसं मराठी, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा. आई म्हणाली, हो, रत्नागिरीहून. त्यावर त्या दोन मिनिटं काही बोलल्याच नाहीत, मग आईचा हात धरून तिला ओट्यावर बसवलं.

त्यांचं म्हणणं असं की घरात सगळे क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली, बोलतात, मराठी त्या शाळेत शिकल्या, तिथं शाळेत मराठी शिकवतात अजूनही. "माझी आजी म्हणायची, आमचे लोक रत्नागिरीचे. गाव कुठलं ते आता कोणाला ठाऊक नाही." आडनावही गेलेलं. जहाजाच्या कागदावर त्या माणसाचं जे नाव लिहिलं गेलं तेच पुढं सगळ्या घराचं आडनाव होऊन बसलं, त्यामुळे आडनावावरून गाव शोधायची आपली जी सवय आहे ती तिथं चालत नाही. मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये या मजुरांची जुनी दप्तरं जपून ठेवलीत, नंबर, नाव, बापाचं नाव, आणि पुढच्या काळातल्या लोकांचे तर फोटोसुद्धा, कारण मजुरानं फोटो लावलेला पास बाळगलाच पाहिजे असा कायदा १८६७ मध्ये आणला होता. जो कागद माणसाला अडवायला केला त्याच कागदावर आज नातवंडं आपल्या पणजोबांचा चेहरा शोधतात. त्या बाईंनी मात्र अजून शोधलं नव्हतं, मुलगा म्हणतो जाऊ जाऊ, एवढंच म्हणाल्या.

मग बोलता बोलता गणपतीचा विषय निघाला. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते हे मला माहीत होतं, पण "आमच्याकडे झाकरी असते" असं त्या म्हणाल्या आणि आईचे डोळे असे मोठे झाले, कारण आमच्याकडे संगमेश्वर भागात गणपतीत जी जाखडी नाचतात, पायात चाळ, गोल फेर, मधे ढोलकी आणि गाणारा, तीच ही. आईनं माहेरच्या जाखडीचा ठेका ओट्यावर हातानं वाजवून दाखवला, त्या बाईंनी दुसरा धरला, थोडा संथ, पण फेर तोच. कुठल्या तरी गावातली पाच-पन्नास माणसं बोटीत बसली तेव्हा त्यांच्याजवळ ना भांडी होती ना पैसा, आणि जी गोष्ट वजनाला शून्य होती ती मात्र दीडशे वर्षांच्या वर टिकली. निघताना त्यांनी आईच्या ओटीत एक नारळ घातला. बेटाचा नारळ, पण ओटी आपलीच.

बाकीची ठिकाणं भराभर सांगते, कारण ती कुठल्याही यादीत मिळतील. गंगा तलाव म्हणजे डोंगरात ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं तळं, १९७२ मध्ये त्यात गंगेचं पाणी मिसळलं, १०८ फुटी शंकराची मूर्ती आहे, आणि महाशिवरात्रीला सगळ्या बेटातून लोक कावडी घेऊन पायी येतात, ते दिवस साधले तर वारीची आठवण आल्याशिवाय राहत नाही. शामारेलची सात रंगांची माती सकाळी लवकर बघावी, ऊन तिरपं असताना रंग उठतात, दुपारी बाराला गेलात तर नुसती लाल टेकडी. पाम्प्लमूसच्या बागेत परातीएवढ्या पानांची कमळं आहेत, आणि तिथली खरी गोष्ट म्हणजे प्येर प्वाव्र नावाच्या फ्रेंच माणसानं डचांच्या ताब्यातल्या बेटांवरून जायफळ आणि लवंगेची रोपं चोरून मिळवून इथं वाढवली, मसाल्याच्या धंद्यातली डचांची मक्तेदारी मोडायला. माहेबूरचं म्युझियम मला मोठमोठ्या किल्ल्यांपेक्षा आवडलं. १८१० च्या ऑगस्टमध्ये इथल्या खाडीत फ्रेंच आरमारानं ब्रिटिशांना हरवलं, दोन्हीकडचे कप्तान जखमी झाले आणि दोघांवरही याच घरात उपचार झाले. त्याच वर्षी डिसेंबरात ब्रिटिशांनी उत्तरेकडून उतरून बेट घेतलंच. काप मालेरोचं लाल छपराचं चर्च, जे प्रत्येकाच्या फोटोत असतं, ते त्या उत्तरेच्या टोकाला.

खाण्यात ढोल पुरी चुकवू नका. चण्याची डाळ भरलेली, पातळ, मऊ, नेहमी दोन-दोन देतात, आत वालासारख्या मोठ्या दाण्यांची रस्सा भाजी आणि तिखट चटणी, कागदात गुंडाळून, रस्त्यावर उभं राहून खायची.

दक्षिणेला सुयाकजवळ ग्री ग्री नावाची जागा आहे, तिथं रीफ तुटलेला आहे त्यामुळे समुद्र थेट काळ्या कड्यावर आदळतो, पोहायचं नावही काढायचं नाही. लगूनचा समुद्र बघून बघून गोड झालेल्या डोळ्यांना इथं कळतं की त्या प्रवाळाच्या कडीनं या बेटाला काय सांभाळलंय. आणि ती कडी किती नाजूक आहे तेही याच बेटानं बघितलंय. २५ जुलै २०२० ला वाकाशिओ नावाचं मोठं मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्यावर, पॉइंत देस्नीजवळ रीफवर चढलं, ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल लगूनमध्ये गेलं, ब्लू बेचं मरीन पार्क आणि इल ओ एग्रेतसारखं राखीव बेट अगदी शेजारी. तेव्हा लोकांनी वाट बघितली नाही. उसाचं वाळलेलं पाचट कापडाच्या लांब पिशव्यांत भरलं, रिकाम्या बाटल्या बांधून तरंगती ठेवली आणि तेल अडवायला समुद्रात सोडली, बायका, पोरं, म्हातारे, रात्रंदिवस शिवत बसले होते. ज्या उसानं त्यांच्या पणज्यांची कंबर मोडली त्याच उसाचं पाचट समुद्र वाचवायला. हे जेव्हा मी बातम्यांत पाहिलं होतं तेव्हा मॉरिशसला जायचंच असं ठरवलं होतं, बीच बघायला म्हणून नव्हे, ही माणसं कशी आहेत ते बघायला.

आणि ती माणसं दिसतात रविवारी. फ्लिक आँ फ्लाक, मों श्वाझी, बेल मार, कुठल्याही पब्लिक बीचवर रविवारी सकाळी जा. सुरूच्या बनात, त्याला तिथं फिलाव म्हणतात, गाड्या येऊन लागतात आणि अख्खं कुटुंब उतरतं, आजी, सुना, नातवंडं, बिर्याणीचं पातेलं चादरीत गुंडाळलेलं, बर्फाचा डबा, ताडपत्री, एखाद्याकडे राव्हान नावाची मोठी चामड्याची डफ. ताडपत्री झाडाला बांधली की घर झालं. एका बाजूला कुणाचा नमाज चाललेला, पलीकडे सेगा गाणं, त्याच्या पलीकडे भोजपुरी, आणि पोरं सगळ्यांची एकाच पाण्यात. आमच्या शेजारच्या ताडपत्रीवरच्या मावशींनी न विचारताच ताट भरून आणून दिलं, आईनं पिशवीतले खोबऱ्याचे लाडू काढून दिले, भाषा कुणाला कुणाची येत नव्हती, तरी संध्याकाळपर्यंत आई त्यांच्या सुनेला कशावरून तरी समजावत बसलेली होती.

मला वाटतं या बेटावरचं सगळ्यात मोठं बघण्यासारखं ठिकाण हेच आहे. घाटाच्या पायऱ्या आणि हा रविवार, दोन्ही मिळून मॉरिशस. ज्यांना पाण्याची भिंत होती त्यांची पतवंडं त्याच पाण्याकाठी मालकासारखी पाय पसरून बसलीत, आणि हे आपोआप झालेलं नाही. फ्रेंचांच्या काळापासून किनाऱ्यालगतची साधारण ८१ मीटरची पट्टी सरकारच्या मालकीची आहे, मूळ हेतू बेटाच्या संरक्षणाचा, पण तिचाच आज लोकांना आधार आहे. अडचण अशी की ती पट्टी हॉटेलांना भाड्यानं देता येते आणि देत आलेत, चांगल्या चांगल्या किनाऱ्यांवर आज रिसॉर्टच्या भिंती आहेत, भरती-रेषेच्या खालची वाळू कायद्यानं सगळ्यांची असली तरी तिथपर्यंत जायची वाट कुठून, हा प्रश्न असतोच. किनारे वाचवायला तिथले लोक रस्त्यावर उतरतात, बैठका घेतात, फिलावची झाडं तोडली तर भांडतात. मी त्यांच्या बाजूची आहे. आपल्या कोकणातही हेच येऊ घातलंय, काही ठिकाणी आलंच आहे, आणि आपण अजून त्याकडे विकास म्हणूनच बघतोय.

त्यामुळे कुणी विचारलं तर मी सांगते की रिसॉर्ट घ्या, आराम करा, पण एक रविवार रिकामा ठेवा आणि पब्लिक बीचवर जाऊन बसा, सोबत आपल्याकडचं काहीतरी खायला न्या. आदल्या दिवशी आप्रवासी घाट करा. कास्कावेल करा. जमलं तर गणपतीतच जा, तेव्हा तिथं हवा थंड असते, पाणी थोडं गार लागतं पण पोहता येतं, आणि विसर्जनाला लोक मूर्ती डोक्यावर घेऊन नदीवर, समुद्रावर निघतात, झाकरीचा फेर धरतात, आणि तुम्ही मराठी आहात म्हटल्यावर तुम्हाला कुणी बाजूला उभं राहू देत नाही.